तिकडे ओळखीचं कुणी आहे का?

अमेरिकेत श्रूजबरीतल्या आमच्या त्या अपार्टमेंटच्या भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारी कांदा परतायला घेतला की आधी आवाज यायचा आणि मग वास. आई ओटा पुसता पुसता म्हणायची, "आज समीराकडे तो उलटा भात आहे वाटतं." आणि खरंच, थोड्या वेळाने दारावर टकटक व्हायची आणि समीराखाला ताटावर पालथं घातलेलं पातेलं दोन्ही हातांत धरून उभी असायची. पातेलं ती तिच्या घरी कधी उचलायची नाही. ते उचलताना बघायला माणसं लागतात असं तिचं म्हणणं, आणि तिच्या घरी ती आणि तिचा नवरा नबील, दोघंच. नबीलकाका वूस्टरच्या एका बेकरीत पहाटेपासून कामाला असायचे, त्यामुळे दिवसाची माणसं म्हणजे आम्हीच. आमच्यासाठी ती कोंबडीऐवजी फ्लॉवर घालायची. पातेल्याच्या बुडावर हाताने थापा मारायची, ओठांत काहीतरी पुटपुटायची, मग हळूच ते वर उचलायची. वांग्याचे काप जागच्या जागी राहून भात ताठ उभा राहिला की आई टाळ्या वाजवायची. माझ्या निकालाला जिने जन्मात टाळी वाजवली नाही ती माझी आई!

मी तेव्हा नुकती पुण्याहून तिथल्या हायस्कुलात जाऊन पडले होते आणि शाळेत कुणाशी धड बोलत नव्हते. बाबा ऑफिसात. आई डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे घरात. पुण्यात तिने एका सरकारी कचेरीत बरीच वर्षं काढली होती. सकाळपासून समोर माणसांची रांग, टेबलावर कागदांचा ढीग, आणि "शोभाताई, जरा बघा ना" असं म्हणणारे शंभर लोक. इथे तिला "जरा बघा ना" म्हणणारं कुणी नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात ती खिडकीशी उभी राहून पार्किंग लॉटमधल्या बर्फाकडे असं बघायची की मला भीती वाटायची. समीराखालाने तिला त्यातून बाहेर काढलं. तिने आईला ड्रायव्हिंग शिकवलं, त्याच पार्किंग लॉटमध्ये, आणि मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून. "शोभा, ब्रेक! ब्रेक, हबीबती!" असं समीराखाला ओरडायची आणि आई घाबरून गणपतीचा धावा करायची. दोघींचं इंग्रजी आपापल्या चालीचं होतं. ते इथे मराठीतच लिहिते, कारण माझ्या कानात ते आता मराठीतच राहिलंय.

शुक्रवारी दुपारी भिंतीपलीकडून फोनवरचा आवाज यायचा. समीराखाला तिच्या वडिलांशी बोलायची. त्यांचं गाव वेस्ट बँकेत, डोंगराच्या उतारावर, आणि उतारभर त्यांची ऑलिव्हची झाडं. फोन ठेवला की ती आमच्याकडे यायची आणि सगळं पुन्हा सांगायची. या वर्षी झाडं किती धरली. इस्रायलने झाडांच्या मधूनच तारेचं कुंपण कसं घातलं, आणि आता स्वतःच्याच झाडांकडे जायला वडिलांना फाटक उघडायची वाट कशी बघावी लागते, सैनिक कधी उघडतात, कधी नाही. आई "अरे देवा" म्हणत ऐकायची. सगळ्यात अवघड गोष्ट समजायला आम्हाला बराच वेळ लागला. लग्न करून समीराखाला नबीलकाकांबरोबर कुवेतला गेली, आणि बाहेर जास्त वर्षं राहिली म्हणून वेस्ट बँकेत राहण्याचा तिचा हक्क इस्रायलच्या सरकारने काढून घेतला. आता ती अमेरिकेची नागरिक. वडिलांना भेटायचं तर जॉर्डनमधून नदीवरच्या पुलावर जायचं आणि तिथल्या इस्रायली अधिकाऱ्याच्या पुढ्यात उभं राहायचं. त्याने हो म्हटलं तर पाहुणी म्हणून आत जायचं. एकदा तो नाही म्हणाला होता आणि ती पुलावरून परत आली होती. "मी त्या घरात जन्मले, शोभा," ती म्हणायची. "तिथे मला व्हिजिटर म्हणतात."

आणि मग एस्तेरमावशी आली. आईला ती इंडियन स्टोअरमध्ये सापडली. कोथिंबिरीच्या जुड्या चाळताना मागून कुणीतरी म्हणालं, "अगो बाई, ही तर पार मेलेली आहे," आणि आईने वळून पाहिलं तर पांढऱ्या नर्सच्या शूजमधली, चष्मा डोक्यावर सरकवलेली बाई. पाच मिनिटांत कळलं की ती मूळ रेवदंड्याची. आईचंही माहेर रेवदंड्याचं. त्या दिवशी आम्ही दूध न घेताच घरी आलो. एस्तेरमावशी बेने इस्राएल, कोकणातल्या ज्यूंपैकी. तिच्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. ती परकरात असतानाच आईवडिलांनी तिला इस्रायलला नेलं. पुढे लग्न, नर्सिंग, मग नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिका. एकुलता एक मुलगा दानियल अठराचा होताच तिकडे परत गेला होता, सैन्यात.

आईने दुसऱ्याच रविवारी दोघींना एकदम चहाला बोलावलं. बाबा म्हणाले, "अगं, जरा विचार कर, कोण कुठली आहे." आई म्हणाली, "एक शेजारची आहे आणि एक माहेरची आहे. अजून काय विचार करायचा?" दार मी उघडलं, ओळख आईने करून दिली. नाव ऐकल्याबरोबर समीराखालाला सगळं समजलं. एस्तेरमावशीलाही समजलं. दोघी सोफ्याच्या दोन टोकांना बसल्या आणि आमच्या टीव्हीकडे बघू लागल्या. टीव्ही बंद होता. मग समीराखालाने आईसाठी आणलेला तेलाचा डबा काढला, वडिलांकडून आलेला, कुणाकुणाच्या हातून. एस्तेरमावशीने न विचारता थेंबभर तेल तळहातावर घेतलं, दोन्ही हात चोळले आणि नाकाशी नेले, तिच्या घरातले म्हातारे करायचे तसं. "थंड घाण्याचं आहे," ती म्हणाली. "दगडी आहे का गं?" समीराखाला सरसावून बसली. "दगडी होता. माझ्या आजोबांच्या वेळी. गाढव फिरायचं." "आमच्याकडे बैल," एस्तेरमावशी म्हणाली. झालं. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आमच्या घरात बैल, गाढवं, पेंड आणि तेलकट पायऱ्या यांखेरीज दुसरा विषय निघाला नाही.

त्यानंतरचे दोन हिवाळे आमच्या स्वयंपाकघरात जे होतं ते मला पुन्हा कुठेच मिळालं नाही. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाची झालेय, माझं स्वयंपाकघर त्यापेक्षा चौपट मोठं आहे, आणि त्यात मी बहुतेक वेळा एकटी उभी असते. तेव्हा दर रविवारी त्या टीचभर जागेत तिघी जणी एकमेकींच्या कोपरांना अडखळत असायच्या. एस्तेरमावशी त्यांच्या नव्या वर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा करायची, नारळाच्या दुधातला, आणि तो ढवळून ढवळून हात भरून आले की पळी समीराखालाकडे द्यायची. समीराखाला झातरचा मसाला लावलेल्या भाकऱ्या भाजायची आणि आई त्यांना "मसाल्याची पोळी" म्हणून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायची, हा अत्याचार दोघी मुकाट्याने सहन करायच्या. बातम्या लावायच्या नाहीत, हा नियम कुणी केला नव्हता, पण होता. कधी तिकडे काही मोठं घडलं की एखादीचा त्या रविवारी डोकं दुखत असल्याचा फोन यायचा. एस्तेरमावशीची भाची ज्या बसमध्ये होती त्या बसमध्ये स्फोट झाला, मुलगी वाचली पण एक कान गेला, हे आम्हाला फार नंतर कळलं. त्या रविवारी समीराखाला नेहमीसारखी आली होती आणि एस्तेरमावशी आली नव्हती.

मग समीराखालाच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. शुक्रवारी भिंतीपलीकडून तिचाच आवाज यायचा. उत्तरं यायची नाहीत, तरी ती बोलत राहायची. जाऊ का, आणि पुलावरून परत पाठवलं तर, या दोन वाक्यांत तिचा सगळा दिवस जायचा. चेहरा उतरला होता. केस विंचरायचं भान नव्हतं.

आता माझ्या आईचं डोकं कसं चालायचं ते सांगायला हवं. आमच्या घराण्यात ओळखीशिवाय काही झालेलं नाही. गॅसचा नंबर मामांच्या ओळखीने लागला, आजोबांचं ऑपरेशन मावसकाकांच्या ओळखीने, माझी बालवाडीसुद्धा. कुठलंही काम निघालं की आमच्याकडे पहिला प्रश्न असायचा, "तिकडे ओळखीचं कुणी आहे का?" यात लबाडी आहे असं आईला कधी वाटलं नाही. तिने स्वतः टेबलामागे बसून पाहिलं होतं की कायदा काय म्हणतो यापेक्षा टेबलामागे कोण बसलंय याला महत्त्व असतं. त्यामुळे तिने जे केलं ते तिला जगातलं सगळ्यात साधं काम वाटलं. तिने एस्तेरमावशीला फोन लावला.

"एस्तेर, तुझा दानियल तिकडेच आहे ना मिलिटरीत? समीराचं नाव त्या पुलावर सांगून ठेव म्हणावं. एक शब्द टाकला की काम होतं बघ."

मग एस्तेरमावशीचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. "अगो शोभा, तो वीस वर्षांचं पोर आहे. नाक्यावर उन्हात उभा असतो. त्याला कोण विचारतं?"

"त्याला नाही, पण त्याच्या वरच्याला? त्याच्या वरच्याच्या वरच्याला?"

मला तेव्हा हसू आलं होतं. पण आठवड्याभराने एस्तेरमावशीचाच फोन आला. दानियलच्या एका दोस्ताचे वडील त्या पुलाच्या खात्यात आहेत म्हणे. पुरं नाव द्या, तो बोलून बघेल. वशिला तिकडेही चालतो हे ऐकून आईला असा आनंद झाला की तिने शिरा केला.

त्या रविवारी दोघी आल्या. आईने शिऱ्याच्या बशा हातात दिल्या आणि बातमी सांगितली. समीराखालाने चमचा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांत आधी आशा आली, हे मी शपथेवर सांगते. मी समोरच बसले होते. मग तिने एस्तेरमावशीला विचारलं, "तो माणूस विचारेल, ही कोण. काय सांगणार?"

"माझी मैत्रीण आहे, असं," एस्तेरमावशी म्हणाली.

"म्हणजे मी माझ्या बापाच्या घरी एस्तेरची मैत्रीण म्हणून जायचं."

"समीरा, आधी जाऊन तर ये. कशी का होईना."

"तुझे पणजोबा शोभाच्या गावचे," समीराखाला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तू बोटीवरून उतरलीस आणि त्यांनी तुला म्हटलं, ये, हे तुझं घर. माझे सात पिढ्यांचे लोक त्या डोंगरात पुरलेत. माझ्या घरी जायला मी ओळख का लावू?"

आई म्हणाली, "अगं, ओळख म्हणजे काय, सगळेच..." एस्तेरमावशीने तिला हाताने थांबवलं. तिचा चेहरा लाल झाला होता. "कायदा मी केला का? मला विचारून नेलं का तिकडे? मी रडत होते बोटीवर. आणि तू म्हणतेस ते घर, तिथे माझं पोर उभं आहे बंदूक घेऊन, कुणीतरी त्याला मारेल म्हणून मी ड्यूटीवर फोन खिशात धरून फिरते. तरी मी त्याला म्हटलं, हिचं काम कर. तुला काय वाटतं, सोपं होतं मला ते?"

"त्याला तिथे उभं राहायला मी सांगितलं नाही," समीराखाला म्हणाली आणि उठून गेली. भिंतीपलीकडे दार लावल्याचा आवाज आला. एस्तेरमावशीने शिरा संपवला, बशी धुतली, आणि तीही गेली. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "माझं काय चुकलं गं?" मी उरलेल्या बशा उचलून धुवायला घेतल्या.

दोनतीन दिवसांनी समीराखाला सकाळीच आली. डोळे सुजलेले. बसली नाही. आईला म्हणाली, "तिला माझं नाव कळव." बस, एवढंच. स्वाभिमान गिळताना माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण मी पडले नाही, कारण तिला ते आवडलं नसतं.

ती गेली. पुलावर दिवसभर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. वडिलांपाशी महिनाभर राहिली. त्यांना एका बाजूने बोलता येत नव्हतं, पण हात धरून ठेवायचे म्हणे. परत आली तेव्हा मी तिला दारातच मिठी मारली. तिच्या अंगाला लाकडाच्या धुराचा वास होता. आईला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल. पण रविवारी समीराखाला आली नाही. पुढच्याही नाही. मला म्हणाली, "अनू, तू एस्तेरकडे जाशील तेव्हा सांग, मी वडिलांना भेटले. थँक्यू म्हणू नकोस. ते माझ्याने होत नाही." मला राग आला होता तिचा, खोटं कशाला बोलू. काम झालं, मग दोन शब्द बोलायला काय जातं, असं मला वाटलं. शेवटी मी आईचीच मुलगी.

एस्तेरमावशीने मला दारातच विचारलं, "कसे आहेत गं तिचे वडील?" मी सांगितलं. ती खुर्चीवर बसली आणि चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "अनू, तो माणूस भेटलाच नाही दानियलला. बदली झाली होती त्याची. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मला वाटलं होतं, तिला परत पाठवतील." मी विचारलं, "मग तिला सांगू?" "सांग," ती म्हणाली. "आत्ता जा. म्हणावं, तुझी तू गेलीस घरी. कुणाच्या ओळखीने नाही."

मी धावत आले. मला वाटत होतं, हे ऐकून समीराखाला हसेल, आणि रविवार परत येतील. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकल्यावर तिने हातातली घडी पूर्ण केली. "म्हणजे त्या अधिकाऱ्याला त्या दिवशी तसं वाटलं," ती म्हणाली. "एवढंच." आणि थोड्या वेळाने, माझ्याशी नाही, स्वतःशीच, "मग दुसऱ्या दिवशी दुसरं काही वाटेल."

तसंच झालं. पुढच्या हिवाळ्यात वडील गेल्याचा फोन आला. ती तशीच निघाली, आणि या वेळी पुलावरच्या माणसाने नाही म्हटलं. तिने नदीच्या अलीकडून गावात राहणाऱ्या आपल्या भावाला फोन लावला, आणि भावाने फोन हातात धरून तिला दफन ऐकवलं. हे तिने परत आल्यावर आईला सांगितलं, एकदाच.

आई पिठलं-भात घेऊन शेजारी गेली. आपल्याकडे सुतकाच्या घरी नेतात तसा. मी मागोमाग. तिथे बायका बसल्या होत्या, साखर न घातलेल्या काळ्या कॉफीचे छोटे कप फिरत होते. थोड्या वेळाने दार वाजलं. एस्तेरमावशी होती. हॉस्पिटलच्या कपड्यांतच आली होती, बहुधा शिफ्ट अर्धी टाकून. आत यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. आईने माझा हात घट्ट धरला.

समीराखालाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बस."

सोफ्यावर जागा होती, तरी एस्तेरमावशी खाली जमिनीवर बसली. बेने इस्राएलांत मयताच्या घरी तसंच बसतात. कुणीतरी तिला कॉफी दिली. ती तिने तोंड वाकडं न करता प्यायली.

"तुझा मुलगा?" समीराखालाने विचारलं.

"सुटला सैन्यातून. आला परत, इकडे आमच्याकडे."

"त्याचे वडील बरे आहेत?"

"बरे आहेत."

समीराखालाने मान हलवली. एस्तेरमावशीच्या हातातला रिकामा कप घेतला आणि त्यात पुन्हा कॉफी ओतली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "वडिलांजवळ जरा बसत जा म्हणावं."